रविवारचं झाकण

गेल्या वर्षी बरेच महिने आमच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती आणि त्यांच्याभोवती दाराच्या जुन्या रंगाचा लांबट चौकोन. बाबा अंघोळीला गेले की आई बाहेर स्टूल टाकून मेथी नाहीतर पालक निवडत बसायची आणि मधेच विचारायची, "ठीक हाय ना?"

"हाव," आतून बाबा.

दोन तांब्यांनंतर पुन्हा, "ठीक हाय ना?"

"हाव म्हटलं ना! साबण तं लावू दे मले."

बाबा यवतमाळच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. त्यातून ते सावरले. उजवा हात जरासा मंद राहिला, एवढंच. पण काही महिन्यांनी त्यांना बाथरूममध्ये फिटचा झटका आला. कडी आतून लावलेली. शेजारच्या काकांनी खांदा मारून दार तोडलं तेव्हा बाबा बादलीशेजारी आडवे होते आणि नळ चालू होता. डॉक्टरांनी झटक्याची गोळी सुरू केली. दार दुरुस्त करणाऱ्या सुताराला आईने सांगितलं, कडी नको. ती निघालेली कडी बाबांनी पुसून टेबलाच्या खणात ठेवली, त्यांच्या जुन्या पेनांजवळ.

डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने झटका आला नाही तर बंधनं एक-एक कमी करू. दुसऱ्या कोणी आधी स्कूटर चालवायची परवानगी मागितली असती. बाबांनी विचारलं, "मग कडी लावता येईल?" डॉक्टर हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ज्या माणसाच्या केबिनबाहेर लोक उभे राहायचे, त्याला रोज सकाळी बिनकडीच्या दाराआड बसून "हाव, हाव" म्हणावं लागत होतं.

सकाळची गोळी एकच होती. खरा गोंधळ रात्रीच्या पाच गोळ्यांचा. त्या वेळी घरात माझा उपयोग होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे पट्टीमागची बारीक अक्षरं वाचणं हे माझं काम. आई पट्ट्या माझ्यासमोर पत्त्यांसारख्या मांडायची आणि मी सांगायची: ही रक्त पातळ करायची, ही कोलेस्टेरॉलची, ही झटक्याची. एरवी मी फारशी बोलत नाही. पाहुणे आले की चहा ठेवून आत जाते. पण त्या दहा मिनिटांत दोघंही माझ्या तोंडाकडे बघत आणि मला ते आवडायचं, हे कबूल करायला हरकत नाही.

मग मेडिकलवाल्या काकांनी डबा दिला.

त्यांचं दुकान माझ्या रोजच्या रस्त्यावर. मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत बिलांचं काम करते आणि स्कूटीने तिथूनच जाते. पुढे दुकान, मागे त्यांचं घर. माणूस तसा साधा, पण आवाज असा की गिऱ्हाइकाचं दुखणं पूर्ण चौकाला कळावं. "मूळव्याधीचं मलम कोणाचं? तुमचं का हो?" असं ते मोठ्यांदा विचारत आणि तो बिचारा मान खाली घालून पैसे काढे. त्या दुकानात मी गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त थांबत नसे.

डबा निळ्या प्लास्टिकचा. ओळीने सात खाने, सात झाकणं, प्रत्येकावर वार. सोमवारी सकाळी रिकामा डबा द्यायचा, संध्याकाळी आठवड्याच्या रात्रीच्या गोळ्या भरून न्यायचा. भरायचे वेगळे पैसे नाहीत. "आमचे जुने गिऱ्हाईक तुम्ही," काका आईला म्हणाले होते, "साहेबांची गोळी चुकाले नको."

आई खूश. आता पट्ट्या नाहीत, कात्री नाही, चष्मा शोधणं नाही. झाकण उघडायचं आणि बाबांच्या तळहातावर ओतायचं.

मी खूश नव्हते. पट्टीवर नाव असतं, तारीख असते, कंपनी असते. डब्यात पाच गोळ्या येतात, बिनानावाच्या. एक पिवळी, एक शेंदरी, दोन पांढऱ्या आणि एक त्याहून बारीक पांढरी. या आपल्याच गोळ्या आहेत कशावरून? फुकट भरून देणारा माणूस कशासाठी भरून देतो? मुदत संपत आलेला माल असा सुटा करून खपवणं किती सोपं आहे, हे माझ्या मनात पहिल्याच सोमवारी आलं.

मी आईला तसं म्हटलंही.

"काहून वं, तुले सगळे चोरच दिसते," आई म्हणाली. "भाऊ इतकं करून राह्यले, अन् तू!"

मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं. दर सोमवारी आई डबा एका कापडी पिशवीत घालून वर गाठ मारून द्यायची. मी ती काउंटरवर ठेवायची आणि काकांनी तोंड उघडायच्या आत स्कूटी सुरू करायची. संध्याकाळी पिशवी उचलून तसंच.

डबा सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. सहा महिने पुरे व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि बाबांनी खणातून कडी काढून तिला खोबरेल तेल लावलं होतं. त्याच आठवड्यात त्यांना झटका आला. पेपर वाचताना. उजव्या हातातला पेपर थरथरायला लागला, आधी वाटलं पंख्याने. मग ते खुर्चीतून घसरले. मी ऑफिसात होते. आईचा फोन आला तेव्हा मागे शेजारच्या काकूंचा आवाज येत होता, कुशीवर वळवा म्हणून.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "गोळी चुकली होती का?"

"एक दिवस नाई चुकली," आई म्हणाली. "डब्यातून देते मी. रोजचा खाना रोज उघडते."

डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं. थांबून बघू. महिनाभराने दुसरा आला. तेव्हा ते म्हणाले, आता आणखी एक आला तर डोस वाढवावा लागेल. गुंगी राहील, बोलणं जड होईल, पण इलाज नाही. घरी रिक्षातून उतरताना बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे बसूनच राहायचं."

मी त्या रात्री फोनमध्ये आईच्या त्या दोन कॉलच्या तारखा पाहिल्या. दोन्ही झटके सोमवारचे होते.

सोमवारी काय होतं? सोमवारी डबा मेडिकलमध्ये असतो. आणि रविवारी रात्री डब्यातला शेवटचा खाना रिकामा होतो. म्हणजे रविवारच्या खान्यात काहीतरी चुकीचं येत असणार. मला माझा चोर सापडला.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी भरलेला डबा घेतल्यावर मी पुढच्या वळणावर स्कूटी थांबवली, एका बंद शटरपाशी, आणि पहिल्यांदा सातही झाकणं उघडली. सोमवार ते शनिवार सगळ्या गोळ्या चकचकीत. रविवारची बारीक पांढरी मात्र वेगळी दिसत होती. कडेला टवका गेलेला, रंग जरा पिवळट, खिशात राहून धुतलेल्या चिठ्ठीसारखा. मी फोटो काढला. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा तिथेच थांबले. रविवारच्या खान्यात तीच गोळी. टवकासुद्धा तोच. दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून पाहिले.

जुना माल. तोही फक्त रविवारच्या तळाशी, जिथे कोणी बघत नाही.

मी परत वळले. दुकानात एक म्हातारे खोकल्याचं औषध घेत होते. ते जाईपर्यंत मी टूथपेस्टच्या रांगेकडे बघत उभी राहिले. मग फोन काउंटरवर ठेवला आणि जे वाक्य वाटेत पाठ केलं होतं ते म्हटलं, "काका, ही गोळी जुनी आहे."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. दोन्ही फोटो पाहिले. मग माझ्याकडे.

"इतके दिवस झाले, आज पहिल्यांदा बोलली तू माझ्यासंग," ते म्हणाले. "अन् बोलली तं सरळ चोर ठरवलं!"

त्यांचा आवाज या वेळी मोठा नव्हता, आणि त्यामुळे मला जास्त अवघडल्यासारखं झालं.

"जुनी हायच ते. मी कुठं नाई म्हणून राह्यलो? तुमच्याच घरून येते. दर सोमवारी डबा उघडतो, तं इतवारच्या खान्यात ही एक बारीक बसलेली राह्यते. मी तिच्यावर बाकीच्या चार टाकतो."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणाले सांगू? तू पिशवी ठेवते अन् पळते. मले वाटलं, इतवारची ही गोळी डॉक्टरनंच बंद केली असन. वहिनीले फोन केलता तो साखरेचा."

"कसली साखर?"

"सुरुवातीले डब्यात साखर यायची ना. त्याच खान्यात, चिमूटभर. दुकानात मुंग्याच मुंग्या. मंग वहिनीले म्हटलं, या डब्यात गोळ्यांशिवाय काही टाकत नका जाऊ. तवापासून साखर बंद."

साखर! माझा विश्वास बसला नाही. पकडला गेलेला माणूस काहीही रचून सांगतो. मी आजवर पट्टीवरची नावंच वाचली होती, सुट्या गोळ्या ओळखत नव्हते; विचारलं, ती बारीक गोळी कशाची. त्यांनी मागच्या खणातून पट्टी काढून माझ्यासमोर टाकली. कितीतरी आठवड्यांनी मी पुन्हा पट्टीमागची अक्षरं वाचत होते.

झटक्याची.

काकांनी माझा चेहरा बघितला असणार. त्यांनी रविवारच्या खान्यातली टवक्याची गोळी काढली, नवी टाकली आणि झाकण दाबलं. जुनी फेकली नाही. कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "घरी दाखव," म्हणाले.

घरी मी ती दाखवली नाही. विचारलं की लोक उत्तर देतात, आणि उत्तर खरंच असतं असं नाही. रविवारला अजून सहा रात्री होत्या. रविवारी मी समोर बसणारच होते, म्हणजे तोवर धोका नव्हता. तोपर्यंत फक्त बघायचं, असं ठरवलं.

आता संशय बाबांवर होता. गुंगीला कंटाळून तेच गोळी टाळत असतील. खरं तर डोस वाढायच्या भीतीने त्यांनी एकही गोळी चुकवली नसती, पण त्या आठवड्यात मला असे हिशेब सुचत नव्हते. रात्री ते पाणी पिताना मी त्यांचा गळा बघायची. नंतर त्यांच्या पेल्याच्या तळाशी बघायची, उशीखाली, खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत. बाबांच्या लक्षात आलं.

"काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

"कानातलं."

"दोन्ही कानात हायेत की."

आई हसली. मी कुंडीतली माती सारखी केली.

सोमवार ते शनिवार बाबांनी पाचही गोळ्या घेतल्या. जीभ बाहेर काढून दाखवतील इतक्या सरळ घेतल्या. रविवारी जेवणं झाली, आईने टीव्हीचा आवाज कमी केला आणि डबा घेतला. मी तिच्या डाव्या हाताला, पाण्याचा तांब्या धरून. आईने झाकण उघडलं, डबा तिरका केला आणि करंगळीचं नख खान्यात घातलं. चार गोळ्या बाबांच्या तळहातावर पडल्या. बारीक पांढरी तिच्या नखामागे थांबली. मग तिने झाकण लावलं. टच.

हे सगळं तिने डोळे टीव्हीवर ठेवून केलं. पोळीला तूप लावतात तसं, सवयीनं.

"आई, एक राहिली," मी म्हटलं.

"राहू दे ते."

"का?"

"उद्या डबा जाते ना भाऊकडे." माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं असावं की मला खरंच कळत नाही. "अवं, रिकामा डबा कसा द्यायचा कोणाच्या घरी? दुसऱ्याचा डबा हाय. भरून पाठवतात ते आपल्याले. अन् आपण काय, तसाच मोकळा परत पाठवायचा?"

लहानपणापासून मी हे पाहत आले होते. शेजारचा डबा चटणी घेऊन आला की आमच्याकडून जाताना त्यात लाडू, नाहीतर चार सुपाऱ्या, काहीच नसलं तर साखर. शाळेत एका मैत्रिणीचा टिफिन चुकून माझ्याकडे आला, तेव्हा आईने त्यात शंकरपाळे भरून दिले होते आणि मला ते देताना लाज वाटली होती. हे मला माहीत होतं. या डब्याशी ते मी कधी जोडलंच नव्हतं. माझ्यासाठी ती मेडिकलची वस्तू होती. आईसाठी तो डबा होता.

"आधी साखर ठेवत होते," आई म्हणाली. "भाऊ म्हणे मुंग्या होतात, गोळ्यांशिवाय काही ठेवू नका. मंग गोळीच ठेवली."

"पण हीच का?"

"सगळ्यात बारीक हाय. मोठ्या तं कामाच्या असतीन. मले वाटलं हे झोपेची हाय. डॉक्टर म्हणे होते ना, हिनं झोप येईन. इतवारी तं तुझे बाबा दुपारभर झोपतेत, रात्री कायले पाहिजे?"

मी आत जाऊन कागदाची पुडी आणली आणि टवक्याची गोळी टेबलावर ठेवली. "ही झटक्याची आहे," मी म्हटलं. "दोन्ही झटके सोमवारी आले."

आईने गोळीकडे पाहिलं. मग डब्याकडे. तिने झाकण उघडायचा प्रयत्न केला आणि तिला ते उघडेना. रोजचंच झाकण. मी उघडून दिलं. तिने बारीक गोळी काढून बाबांपुढे धरली, तळहातावर नाही, थेट ओठांपाशी, लहान मुलाला धरतात तशी.

बाबांनी गिळली. पाणी प्याले. मग म्हणाले, "म्हणजे माझी कडी त्या मेडिकलवाल्याच्या मानपानात गेली."

ते हसले, पण आई हसली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ धुतलेलीच भांडी धूत राहिली. मी तिच्यामागे गेले नाही. बाबा गेले. त्यांचा आवाज ऐकू आला, "अवं, तुले कोण काय म्हणून राह्यलं? मीच तं घेत होतो ना. चार हायेत का पाच, पाहत होतो का मी? त्या सिरीयलमधल्या सासूले पाहत होतो."

डॉक्टरांना मी सांगितलं, कारण आई सांगू शकली नाही. ते या वेळी हसले नाहीत. डोस वाढवायची गरज नाही म्हणाले, आणि सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितलं.

सोमवारचा प्रश्न मात्र उरला होता. रिकामा डबा आईच्या हातून सुटेना. मी समजावलं, बाबांनी समजावलं. ती हो म्हणायची आणि डबा हातात घेऊन उभी राहायची. शेवटी तिनेच मार्ग काढला. डबा रिकामा, पण त्याच पिशवीत अंगणातल्या कढीपत्त्याच्या दोन काड्या. काकांना सांगायचं काम माझ्यावर आलं.

"वहिनीले म्हणा, हे चालते," काका म्हणाले. "कढीपत्त्याले मुंग्या नाई लागत." आणि मग चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात मागच्या दाराकडे, "अवं, कढीपत्ता आला गोळ्यावाल्या साहेबांकडून!"

संध्याकाळी पिशवीत भरलेल्या डब्याखाली ज्वारीच्या पापड्या होत्या. काकूंनी ठेवलेल्या. त्यांनाही पिशवी रिकामी देववेना. पुढच्या सोमवारी आमच्याकडून लिंबं गेली. त्यांच्याकडून मिरचीचा ठेचा आला आणि डब्याच्या निळ्या प्लास्टिकला अजून त्याचा वास येतो. आता मी काउंटरवर थांबते. थांबावंच लागतं, काकू आतून बाहेर येईपर्यंत. बोलते असं नाही. पण काका डबा भरताना मी त्यांच्या बोटांकडे बघते आणि ते मुद्दाम प्रत्येक गोळी मला दाखवून टाकतात. "पाहून घे, बाई. नाहीतर फोटो काढशीन."

या वर्षी सहा महिने पुरे झाले आणि कडी परत बसली. सुतार नको, बाबा म्हणाले. जुन्या चार भोकांत स्वतःच स्क्रू पिळले, डाव्या हाताने, कारण उजवा अजून मंद आहे. तो सोमवार होता. दुसरा वार चालला असता, पण त्यांनी सोमवारच धरला.

टॉवेल घेऊन ते आत गेले. कडी लागल्याचा आवाज आला. आई तरीही बाहेर स्टूलवर बसलीच होती, पुढ्यात मेथी.

"ठीक हाय ना?" तिने विचारलं.

आतून उत्तर आलं नाही. आईची बोटं देठावर थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दारापर्यंत गेले आणि खांदा दाराला लावून उभी राहिले. मग आत तांब्या बादलीत बुडाला, पाणी पडलं आणि बाबा काहीतरी गुणगुणायला लागले. उत्तर द्यायचं नव्हतं त्यांना. आज गरज नव्हती.

आई पुन्हा मेथी निवडायला लागली. मी पिशवी घेतली. कढीपत्ता वर होता, गाठ नेहमीसारखी घट्ट. फाटकाबाहेर आल्यावर स्कूटीवर बसूनच ती सोडली आणि रविवारचं झाकण उघडून बघितलं. खाना रिकामा होता. तरी मी बोट घालून पाहिलं.